लंडन–अथेन्स, तीन तास चाळीस मिनिटं

आधी माफी मागतो. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्यांच्याबद्दल लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. बाबांची तर सहीसुद्धा अंगठ्याची. शिवाय या माणसासाठी मी एकदा मनापासून लिहिलं होतं, आणि त्यातून काय झालं ते पुढे येईलच. तरीही लिहितो. ज्यांनी त्यांना लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या दुकानात पाहिलं असेल, त्यांना ते आठवतीलच. ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांना मी जमेल तेवढं दाखवतो.

कुणी अंतर विचारलं की ते उजव्या हाताची वीत पसरायचे. दुकान विमानाच्या तिकिटांचं, ते तिथे नोकरीला. काउंटरच्या काचेखाली युरोपचा नकाशा होता आणि त्यावरून लोकांच्या कपांच्या कडा उमटून गोल डाग पडले होते. अंगठा लंडनवर ठेवायचा, करंगळी जाईल तिथे टेकवायची, उरलं तर दोन बोटं. बार्सिलोना अर्ध्या वितीला थोडं जास्त. ब्रसेल्सला वीत लागतच नव्हती, दोन बोटांतच सगळं मावायचं. संगणकावर मैल आणि मिनिटं दोन्ही दिसत, पण ते वीत टाकल्याशिवाय तोंड उघडत नसत.

आणि तोंड उघडलं की आधी प्रश्न.

"पासपोर्ट कोणता?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "विमानाला किती लागतात ते विमानाला विचारा. तुम्हाला किती लागतील ते मी सांगतो."

एकदा हॅरोहून एक मुलगा आला होता. तिथेच जन्मलेला, मराठी मोडकं पण हौसेचं.

"अंकल, बार्सिलोना किती अवर्स?"

"पासपोर्ट कोणता?"

"ब्रिटिश."

"दोन तास दहा मिनिटं. सोबत कोण?"

"माझी मम येणार."

"तिचा पासपोर्ट?"

"इंडियन."

त्यांनी वीत उचलून पुन्हा टाकली, जणू नकाशा मधल्यामध्ये बदलला असावा. "मग मम्मीला तीन आठवडे, दोन तास दहा मिनिटं. त्यात व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी पहाटे उठून रांगेत उभं राहायचं धरलेलं नाही. आणि उतरल्यावर तू सात मिनिटांत बाहेर, ती पाऊण तासानं. तेवढ्यात तिला सोडून टॅक्सीत बसू नको."

मुलगा हसला. रांगेत मागे उभी असलेली एक बाई हसली नाही. तिनं आपला पासपोर्ट पिशवीतून काढून पुन्हा आत ठेवला.

माझी ओळख अशीच झाली. दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मी शिष्यवृत्तीवर एम.एस्सी.ला आलो होतो आणि त्याच रस्त्यावरच्या एका घरात राहत होतो. पाच जण, एक न्हाणीघर. वर्गातली मुलं दोन आठवड्यांनी ब्रसेल्सला जाणार होती, प्राध्यापकांनी माझंही नाव यादीत घातलं होतं. मी दुकानात जाऊन फार जबाबदारीनं विचारलं, की लंडनहून ब्रसेल्सला विमानानं किती वेळ लागतो.

"एक तास दहा मिनिटं. पासपोर्ट कोणता?"

मी सांगितलं.

"स्टुडंट व्हिसा? मग पाच आठवडे." माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "गाव कोणतं?"

"वाशिम."

त्यांनी काउंटरची फळी वर केली. "मेहकरच्या पुढचा मी. ये आत. ब्रसेल्स राहू दे, चहा घे."

त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो आणि ते मला राजा. आमच्या वऱ्हाडात कुणालाही राजा म्हणतात, हे वाचकांना सांगायला हवं, नाही तर गैरसमज व्हायचा.

काकांच्या सवयी बारीक होत्या. ते कुणालाही 'हॅपी जर्नी' म्हणत नसत. तिकीट देताना ते फक्त गेट बंद व्हायची वेळ सांगत, तीही दोनदा. दोन देशांच्या घड्याळांतला फरक ते गिऱ्हाइकाच्या समोर बोटांवर मोजून दाखवत, कारण तिकिटावरच्या दोन वेळांची सरळ वजाबाकी करून एका माणसानं सासऱ्यांना विमानतळावर दोन तास उभं ठेवलं होतं. स्वतः मात्र युरोपातल्या कुठल्याही शहरात ते गेले नव्हते. मुंबईहून लंडन, एवढाच त्यांचा प्रवास. हजारो लोकांना त्यांनी अर्ध्या आणि पाऊण वितीवर पाठवलं आणि स्वतः इल्फर्डच्या स्टेशनपासून सहा मिनिटांवर राहिले.

एका शहराबद्दल मात्र ते पासपोर्ट विचारत नसत, वीतही टाकत नसत. ते अथेन्स. दर रविवारी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून ते तिथे फोन लावत. तिथे त्यांचा धाकटा भाऊ होता. खामगावला आयटीआय केलेला, आधी आखातात, मग अथेन्सजवळच्या पिरायस बंदरात, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात वेल्डर. दोघांचीही लग्नं राहून गेली होती. आईवडील केव्हाच गेले होते. जगात एकमेकांशिवाय दोघांना कुणी नव्हतं.

"किती दिवसांत भेटला नाहीत?" मी एकदा विचारलं.

"नऊ वर्षं."

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

"आधी माझे कागद नव्हते, मग त्याचे नव्हते," ते म्हणाले. "आता दोघांचे आहेत. दोन वर्षं झाली." मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "लंडन–अथेन्स तीन तास चाळीस मिनिटं. मनात आलं की जाता येतं. म्हणून जाणं होत नाही."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला आठवडे मोजून दाखवले असते. स्वतःच्या भावाचा हिशेब ते विमानाच्या वेळेनं करत होते. मला ते तेव्हा खटकलं नाही. आता खटकतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी मागच्या खोलीत चहा गाळत होतो. फोन नेहमीपेक्षा लांबला. काका उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"डॉक्टर जे सांगते ते कर ना. काहून थांबतो?" ते म्हणत होते. "मी येतो मागून. तू आधी आत जा. लहान आहेस का आता?"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं. धाकट्याच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं आणि तो तयार नव्हता.

"का?"

"म्हणतो, दादा, तू आल्याशिवाय मी टेबलावर चढत नाही." त्यांनी कप हातात घेतला आणि प्यायला विसरले. "म्हणतो, नऊ वर्षं तीन तास चाळीस मिनिटं सांगतोस ना? मग ये."

हट्टी होता, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण आमच्याकडे घरातलं मोठं माणूस दाराशी बसल्याशिवाय कुणी चिरफाडीला आत जात नाही. भीती असतेच, आणि त्याहून जास्त म्हणजे, आपल्यामागे कागदावर अंगठा करायला आपलं कुणी असावं, एवढी एक इच्छा असते. डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली, पण बजावलं, की फार थांबता येणार नाही.

व्हिसासाठी लागणारे सगळे कागद काकांना पाठ होते. हॉस्पिटलचं पत्र फॅक्सनं आलं, तातडीची अपॉइंटमेंट मिळाली. फक्त एक राहिलं, त्यांच्या स्वतःच्या नावचं विनंतीपत्र. लोकांची अशी पत्रं ते चार ओळींत खरडून देत. "स्वतःचं लिहिता येईना," ते म्हणाले. "तू शिकलेला आहेस. तू लिही."

आमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी तो दिवस लायब्ररीत काढला. शब्दकोश उघडून बसलो. मला वाटलं, कोरडं पत्र वाचून कुणी हलत नाही. म्हणून मी लिहिलं, की हा माझा धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, आणि शाळेत जाताना नाल्याला पाणी असलं की मी त्याला खांद्यावर घेऊन पलीकडे नेत असे. हे काकांनीच मला कधीतरी सांगितलं होतं.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. नाल्याच्या ओळीवर थांबले. "चांगलं लिहिलंस," म्हणाले आणि सही केली.

मी सोबत गेलो होतो. ग्रीसच्या वकिलातीत, व्हिसाच्या खिडकीत चष्मा लावलेल्या एक मध्यमवयीन बाई होत्या. आवाज मऊ, वागणं नीट. त्यांनी पासपोर्ट पाहिला, हॉस्पिटलचं पत्र पाहिलं, मग माझं पत्र वाचलं, सगळं वाचलं. मला आनंद झाला, हे कबूल करतो. मग त्यांनी पेन्सिल घेऊन पुन्हा हॉस्पिटलचं पत्र ओढलं. त्यांच्या देशातल्या कागदांवर आईचं आणि बापाचं नाव असतं, जन्मतारीख असते. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरही आईबापांची नावं असतात.

"तुमची जन्मतारीख एक जून," त्या म्हणाल्या. "भावाची त्याच्या पुढच्या वर्षीची सव्वीस जानेवारी. आई एकच?"

"एकच."

"आठ महिन्यांना सहा दिवस कमी आहेत." त्यांनी पेन्सिल माझ्या पत्रावर टेकवली. "आणि इथे तुम्ही चार वर्षं म्हणता. यातलं खरं कोणतं?"

"पत्र," काका म्हणाले.

"म्हणजे पासपोर्टवरची तारीख खोटी आहे?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांच्या अर्जांवर वर्षानुवर्षं नजर फिरवलेला माणूस. काचेपलीकडे बसलेल्या माणसाला 'माझा पासपोर्ट खोटा आहे' असं सांगितलं की काय होतं, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि 'पत्र खोटं आहे' म्हणावं, तर खाली त्यांचीच सही.

"मी नकार देत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही दोघं एका आईची मुलं आहात हे दाखवणारा जुना कागद आणा. तोवर मला हे पुढे नेता येणार नाही."

बाहेर पावसाची भुरभुर होती. मी म्हणालो, "काका, माझ्यामुळे झालं."

"तू खोटं नाही लिहिलंस," ते म्हणाले.

ट्रेनमध्ये स्ट्रॅटफर्ड गेल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली, समोरच्या रिकाम्या सीटकडे पाहत. दोघांना आईनं एकाच दिवशी शाळेत घातलं होतं. थोरला शेळ्या राखायचा म्हणून नऊ वर्षांचा होईपर्यंत राहिला, धाकटा पाचाचा. दोघं बरोबर जातील तर जातील, असं आईचं म्हणणं. गुरुजींना पहिलीत बसवायला सहा वर्षांचं पोर हवं होतं. थोरल्याला त्यांनी सहाचा केला आणि तारीख लिहिली एक जून. शाळा जूनमध्ये उघडते म्हणून सगळ्या वर्गाची तीच. धाकट्याला त्याच्याहून थोडा लहान दाखवायचा होता, तर गुरुजींनी भिंतीवरच्या झेंड्याच्या चित्राकडे पाहिलं आणि सव्वीस जानेवारी लिहिली.

"माझीही एक जूनच आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे. तुझा पासपोर्ट पाहिला तेव्हाच समजलं." ते पहिल्यांदा थोडं हसले. "दुसऱ्या कुणाचे कागद असते तर मी ते पत्र फाडून टाकलं असतं, राजा. चार वर्षं हे खरंच आहे ना. खरं होतं म्हणून नजरेत नाही आलं."

त्या रविवारी धाकट्याचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू आला नाही. आधी मागच्या खोलीत आम्हा दोघांनाही ऐकू यायचा. काका म्हणाले, "एक कागद येणं आहे गावाहून. आला की निघालोच." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "तो काय म्हणाला?" मी विचारलं. "विचारतो, कागद पायी येतोय का."

गावी त्यांचं कुणी उरलं नव्हतं. शाळेला फोन नव्हता. सरपंचाचा नंबर लागत नव्हता. शेवटी मी माझ्या घरी, म्हणजे शेजारच्या किराणा दुकानात फोन केला आणि बाबांना बोलावून घेतलं.

बाबा वाशिमच्या बाजार समितीत हमाल आहेत. त्यांना वाचता येत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागदावर काय काय लिवेल पाहिजे ते एकडाव सांग. म्या पाठ करतो."

"दोघं एकाच दिवशी दाखल. आई एक, बाप एक. तारखा अंदाजानं लिहिलेल्या."

"दोघं एकाच दिवशी दाखल. आई एक, बाप एक. तारखा अंदाजानं लिवेल." ते तीनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता एसटीनं निघाले.

मेहकरला उतरून पुढे जीप, मग चालत. शाळेला कुलूप होतं. मुख्याध्यापक तालुक्याला बैठकीला गेलेले. बाबा शाळेच्या व्हरांड्यात थांबले. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, फोनवर त्यांनी एवढंच सांगितलं, "होते काम." मुख्याध्यापक आल्यावर म्हणाले, रजिस्टरमधली तारीख बदलता येत नाही. बाबा म्हणाले, बदलू नका, फक्त उतारा द्या, आणि तीन वाक्यं त्यांना म्हणून दाखवली. एवढं जुनं रजिस्टर शोधायला दोन दिवस लागले. बाबा तिथंच राहिले. मग मेहकरला येऊन एका झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी फॅक्स करवला, आणि कागद मशीनमधून परत बाहेर आला तेव्हा 'हा तर गेलाच नाही' म्हणून दुकानदाराशी भांडले.

इकडे फॅक्सचा गुळगुळीत कागद वळत वळत बाहेर आला. मी आणि काका, दोघं मशीनवर वाकलो होतो. रजिस्टरमधल्या एकाखाली एक दोन ओळी. अनुक्रमांक लागोपाठचे. वडिलांचं नाव तेच, आईचं नाव तेच, दाखल झाल्याचा दिवस तोच. खाली मुख्याध्यापकांच्या अक्षरात 'तारखा अंदाजानं लिहिलेल्या', गोल शिक्का, आणि कोपऱ्यात आमच्या शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर. काकांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या ओळीवर, आणि बराच वेळ दोन्ही बोटं तिथून काढली नाहीत.

"तुझे वडील शिकलेले आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हे कसं केलं त्यांनी?"

मी तो वळलेला कागद सरळ करून फाइलीत ठेवला.

भाषांतर, शिक्का, पुन्हा खिडकी. त्या बाईंनी उतारा पाहिला, चष्मा काढला, पुसला. "दोन दिवस," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी खरोखरच पासपोर्ट दिला. पहिल्या खिडकीपासून तिथपर्यंत अकरा दिवस गेले होते. मी ते मोजले होते. काकांनीही मोजले असणार, पण ते कधी म्हणाले नाहीत.

व्हिसा मिळाला त्या दुपारी त्यांनी फोन लावला. आता पलीकडचा आवाज इतका बारीक होता, की काका दुसरा कान दाबून ऐकत होते. "उद्या," ते म्हणाले. "हो रे, उद्या. विमानात बसतो." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "म्हणाला, मग डॉक्टरला सांगतो, परवा सकाळी करा. सही करतो म्हणाला."

मी हीथ्रोला सोडायला गेलो. इल्फर्डहून तिथपर्यंत लंडन आडवं ओलांडावं लागतं. काकांकडे एक छोटी बॅग होती आणि एका डब्यात ठेचा. हॉस्पिटलात ठेचा चालेल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चालत नाही. वास घेऊ दे नुसता."

चेक-इनच्या रांगेत ते वारंवार पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान पाहत होते. आपल्या दुकानात असं करणाऱ्या लोकांना ते रागवत. "पान उडून जात नाही," म्हणत. एका बाईनं त्यांना विचारलं, अथेन्सची रांग हीच का. त्यांनी मान हलवली.

आत जायच्या आधी त्यांनी माझा दंड धरला.

"किती वेळ लागेल रे?"

मला वाटलं, ते गंमत करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"तीन तास चाळीस मिनिटं," मी म्हणालो. "घड्याळ दोन तास पुढे. तिथल्या संध्याकाळी सहाला हॉस्पिटलात असाल."

"सहाला," ते म्हणाले. "सहाला भेटू देतात ना?"

मी हो म्हणालो. मला माहीत नव्हतं.

ते आत गेले. उंच माणूस, खांदे थोडे पुढे झुकलेले, हातात ठेच्याचा डबा. तपासणीच्या ठिकाणी त्यांना बाजूला घेऊन डबा उघडायला लावला. तिथल्या माणसानं वास घेतला आणि मान मागे केली. काका त्याला काहीतरी समजावून सांगत होते. मग गर्दीत दिसेनासे झाले. डबा सोबत गेला की नाही, ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी सांगितलं, रात्री त्यांचा फोन आला होता, पोहोचलो एवढंच म्हणाले. त्यानंतर काही नाही. त्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत बाई बोलायची, की हा नंबर उपलब्ध नाही. हॉस्पिटलच्या पत्रावरचा नंबर फिरवला, तर पलीकडे ग्रीक. मी भावाचं नाव सांगत राहिलो, ते काहीतरी विचारत राहिले, कार्ड संपलं. एक पत्र लिहिलं, या वेळी दोनच ओळींचं. उत्तर आलं नाही.

मे महिन्यात माझे पेपर झाले. अभ्यासाला बसलो की 'आठ महिन्यांना सहा दिवस कमी' हे शब्द मध्येच कुठून तरी येत. ऑपरेशन अकरा दिवस आधी झालं असतं तर काय झालं असतं, असं वाटायचं, आणि ते कसं झालं हेच मला माहीत नव्हतं. रविवारी दुपारी मी दुकानापर्यंत जाऊन यायचो. काउंटरवर एक नवा माणूस बसू लागला होता. लोकांनी अंतर विचारलं की तो पडद्याकडे पाहून मिनिटं सांगायचा. मालक म्हणाले, त्यांनी नोकरी सोडल्याचं कळवलं, पगार राहिला तो भावाच्या हॉस्पिटलला पाठवा म्हणाले, का ते सांगितलं नाही. जून-जुलैत मी प्रबंध लिहिला. बाबांशी दर पंधरा दिवसांनी बोलणं व्हायचं. त्यांना मी काकांबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांना काय माहीत असणार?

सप्टेंबरच्या शेवटी मी घरी आलो. पहिल्या संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून खांद्याला तेल लावत होते. पोती वाहून तिथे गाठ झालेली आहे. मी तेलाची वाटी घेतली आणि चोळू लागलो.

"तुहं सारं झालं का तिकडचं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पेपर, ते पुस्तक लिवत होता ते, सारं?"

"सारं झालं, बाबा. पास होईन."

त्यांनी मान हलवली.

"तुह्या त्या मानसाचा फोन आलता. किराणा दुकानात. त्या कागदावर नंबर होता ना."

माझा हात थांबला. "कधी?"

"होळीच्या मांगं. भावाले घेऊन येतो म्हने गावाले. मले वाटलं बरा झाला." त्यांनी माझा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला. "पेटीत आनलं होतं. म्या गेलतो मातीले. रस्ता ठाऊक होता."

मी विचारलं, भेट झाली होती का.

"झाली. सहा वाजता पोचले म्हने. एक संध्याकाळ आन् रात्र. बोलत बसले दोघं. सकाळी आत नेलं त्याले, तो मांगं आला नाही." मग म्हणाले, "लई मानसं नव्हती. पंधरा-वीस. त्यायच्या जवळचं कोनी नव्हतं, म्हनून म्या बाजूले बसलो."

"आता कुठे आहेत ते?"

"दहा दिवस होते. मंग ममईले गेले. तिथून कुठं जातो ते सांगतलं त्यायनं, गावाचं नाव कठीन होतं, ध्यानात नाही राह्यलं."

मी म्हणालो, "बाबा, सहा महिने झाले. मला का नाही सांगितलं?"

"त्यायनंच सांगतलं होतं. पोरगा कसा आहे, इचारलं. म्या म्हनलं, पेपर हायेत त्याचे. तर म्हने, मंग त्याचं सारं संपेपर्यंत सांगू नका. त्या पत्राचं मनाले लावून घेईल."